माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम सापडलाय: चालू करू, विकू की राहू दे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. घराचं वॉटरप्रूफिंग काढलंय म्हणून माळा रिकामा करणं चालू आहे. २०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांतलं सगळं गेलं, माळ्यावरचं तेवढं राहिलं. त्यामुळे आमच्याकडे जुनं म्हणून जे काही आहे ते माळ्यावरचंच.

तिथे बाबांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर, निघाला. काळा, हाताला हलका, डाव्या कडेला रिसेटचं बटण. अ‍ॅडॅप्टर नाही. टीव्हीची वायर आहे. बुटांच्या खोक्यात त्याचे प्रोग्राम भरलेल्या पंचवीस-तीस कॅसेट, निम्म्यांवर बाबांच्या अक्षरात काहीबाही: ‘लाइटबिल’, ‘पंचांग २’, ‘गणपती ८८’. तळाशी आलेखाच्या कागदांची वही. बाबा वीज खात्यात होते, पतसंस्थेचं कर्ज काढून मशीन घेतलं होतं. आजी त्याला ‘पाटी’ म्हणायची. कर्ज फिटेपर्यंत ‘त्या पाटीचा हप्ता’ हा घरात नेहमीचा शब्द होता.

आता घरात मतं फुटली आहेत. भाऊ बंगळूरला असतो, तो म्हणतो, लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाक, सगळे गेम फुकट मिळतात, खोकं कशाला सांभाळायचं? आई म्हणते, कोणी घेत असेल तर देऊन टाका. बाबा ७९ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. पण मी कॅसेटचं खोकं हलवलं की आतून ओरडतात, “त्या भजनाच्या नाहीत, त्यांवर काही भरू नका!”

तर एक, चालू करून बघू का? दोन, विकायचं झालं तर कुठे? आणि तिसरं जरा आगाऊ आहे. माहिती शोधताना एका इंग्रजी चर्चेत शिरले, तर तिथे पन्नाशी-साठीचे लोक ‘स्पेक्ट्रम की कमोडोर (त्याच काळचं दुसरं मशीन)’ यावर अक्षरशः हमरीतुमरीवर आलेले. कधीच्याच बंद पडलेल्या कंपन्यांसाठी? आपल्यातलं कोणी असं आहे का?

-----

सोल्डरगन (पुणे)

ताई, आधी हे वाचा आणि मग मशीनला हात लावा. घरात पडलेला कुठलाही ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर उचलून लावू नका. स्पेक्ट्रमच्या पिनेला आत मायनस आणि बाहेर प्लस लागतं. आज दुकानात मिळणारे बहुतेक अ‍ॅडॅप्टर याच्या बरोब्बर उलटे असतात. उलटा लावलात तर पुढची चर्चा वेगळ्याच विषयावर करावी लागेल. ९ व्होल्ट, निदान दीड-दोन अँपिअर, आणि मीटर लावून ध्रुव तपासलेला, एवढं झालं तरच पुढे.

माझं बुधवार पेठेत दुकान होतं, पासोड्या विठोबापासून हाकेच्या अंतरावर. टीव्ही, टेप, व्हीसीआर, आणि मधल्या काही वर्षांत ही मशीनं. त्यामुळे थोडं आतलं सांगतो. या मशीनची मेमरी दोन तुकड्यांत असते. खालचं १६के (किलोबाइट), त्यात ४११६ नावाच्या आठ चिपा. त्यांना एका व्होल्टेजवर भागत नाही, प्लस ५, प्लस १२ आणि मायनस ५ अशी तीन लागतात. यातली दोन मशीन स्वतःच आतल्या छोट्या सर्किटमध्ये तयार करतं. त्या सर्किटचा ट्रान्झिस्टर बसला आणि मायनस ५ गेलं, की चिपा एकामागून एक जातात. तेव्हा आधी जाणकाराकडून इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलून घ्या, व्होल्टेज मोजून घ्या, मग टीव्हीला जोडा.

वरचं ३२के मला फार आवडतं. त्यात लावलेल्या चिपा मुळात ६४ किलोबिटच्या, पण कारखान्यात अर्ध्या नापास झालेल्या. मूळ स्पेक्ट्रम काढणाऱ्या ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने त्या स्वस्तात उचलल्या आणि पास झालेला अर्धा भाग वापरला. १९८२ च्या एप्रिलमध्ये १६के मशीन १२५ पौंडांना आणि ४८के १७५ पौंडांना काढलं ते असल्या काटकसरीवर. लोक याला चिक्कूपणा म्हणतात. मी पेठेत वाढलोय, मी याला शहाणपण म्हणतो.

आणखी एक, खोलताना वरचं झाकण खसकन उचलू नका. कीबोर्डच्या खालून प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या बोर्डात गेलेल्या असतात. इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या मोडतात. मोडल्या तरी रडू नका, नवीन मेम्ब्रेन आज बनतात आणि मिळतात.

पण खरं सांगू? मशीन राहू दे बाजूला. आधी कॅसेट.

तुमचे बंधू म्हणतात ते गेमच्या बाबतीत खरं आहे. विकले गेलेले बहुतेक गेम लोकांनी उतरवून ठेवलेत. मशीनंही जगात लाखोंनी निघाली. पण ‘लाइटबिल’ आणि ‘गणपती ८८’ यांची प्रत जगात एकच आहे, आणि ती तुमच्या बुटांच्या खोक्यात आहे. सर्वांत नाशवंतही तीच आहे. त्या कॅसेट पुढच्या पावसाळ्याआधी उतरवून घ्या.

पद्धत सांगतो. चांगला टेपरेकॉर्डर शोधा. त्याचा पट्टा चिकट झाला असणार, बदला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे पळवा, म्हणजे एकमेकाला चिकटलेले थर सुटतात. आतला फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर दुसऱ्या कॅसेटचा काढून लावा. मग टेपच्या इअरफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये वायर, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल. एमपी३ नको. आवाज ‘साफ’ करणारं कुठलंही बटण नको, डॉल्बी असेल तर तेही बंद.

ऐकायला काय येईल? पाचेक सेकंद एकसुरी शिट्टी, मग अगदी छोटी खरखर, क्षणभर शांतता, पुन्हा दोनेक सेकंद शिट्टी आणि मग लांबलचक किरकिर. ती छोटी खरखर म्हणजे १७ बाइटचं हेडर. त्यात प्रोग्रामचं नाव असतं, जास्तीत जास्त दहा अक्षरांचं. किरकिर म्हणजे प्रत्यक्ष माल. किरकिर दबकी, गादीखालून आल्यासारखी वाटली तर हेडजवळचा बारीक स्क्रू स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवा आणि आवाज सर्वांत धारदार होईल तिथे थांबा. हे कानाने करायचं काम आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जरा सवड काढून येतो.

-----

अडीच_घर (डोंबिवली)

काका, सलाम. पण ताईंच्या भावाच्या बाजूने कोणी तरी बोलायला हवं. आमच्याकडे माळाच नाही. आजच्या घरांत खोकं ठेवणं म्हणजे चौरस फुटाच्या भावाने आठवणी ठेवणं. स्पेक्ट्रमचा एम्युलेटर माझ्या फोनवर चालतो, पाच मिनिटं किरकिर ऐकत बसावं लागत नाही. तुम्ही स्वतः दुकानात असताना मशीनं भंगारात घातलीच असतील ना?

-----

सोल्डरगन (पुणे)

घातली की. ज्यांचा बोर्ड जळला होता त्यांच्या चिपा काढून दुसऱ्यांची चालवली, उरलेलं जुन्या बाजारात गेलं. त्यात हळहळण्यासारखं काय आहे? मी कुठे म्हटलं की प्रत्येक खोकं देव्हाऱ्यात ठेवा? म्हणूनच आधी कॅसेट म्हणालो.

आता तिसरा प्रश्न. ताई, इंग्लंडातली ती भांडणं शाळेच्या मैदानावरची आहेत. तिथल्या पोरांपुढे दुकानात दहा मशीनं मांडलेली असायची. एकाने स्पेक्ट्रम घेतला, शेजारच्याने कमोडोर ६४. मग माझं बरं की तुझं बरं, हे आलंच. कमोडोरवाला म्हणणार, आमच्या सिड चिपचा आवाज ऐक, तुझं मशीन डासासारखं गुणगुणतं. स्पेक्ट्रमवाला म्हणणार, तुझ्या फ्लॉपी ड्राइव्हला उशी आण, झोप लागेल. दोघांचंही बरोबर होतं.

आपल्याकडे आख्ख्या गल्लीत एक मशीन. भांडणार कोणाशी? तरी माणसं चिकटून राहिली, त्याचं कारण मला दुकानात दिसायचं. तिकडच्या पोरांना खेळ विकत मिळत. आपल्याकडे बाहेरून आलेलं एखादं मासिक हातोहात फिरायचं आणि त्यातली लिस्टिंग (छापलेले प्रोग्राम) एकेक ओळ टाईप करायची. टाईप करून रन केलं की चूक निघायची, कारण छपाईच पुसट. ती शोधता शोधता माणूस मशीन शिकायचा. माझ्याकडे दुरुस्तीला मशीन घेऊन येणाऱ्यांत शिक्षक, बँकेतले कारकून, एक होमिओपॅथ होते. त्यांना खेळात रस नव्हता. होमिओपॅथबुवांनी औषधांची यादी लक्षणांवरून शोधणारा प्रोग्राम लिहिला होता, ४८के मध्ये बसवायला निम्मी औषधं गाळली होती. ती कुठली गाळली हे पेशंटना सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

आणि तो कीबोर्ड! स्पेक्ट्रमवर शब्द टाईप करायचे नाहीत. ‘पी’ दाबलं की ‘प्रिंट’ आख्खा उमटतो, ‘जे’ दाबलं की ‘लोड’, ‘ओ’ला ‘पोक’. कर्सरमध्ये ‘के’ दिसतोय की ‘एल’, त्यावर पुढचं बटण काय करणार ते ठरतं. नव्या माणसाला हे भयंकर वाटतं. ज्याच्या बोटांत बसलंय त्याला दुसऱ्या कुठल्याही कीबोर्डवर ‘प्रिंट’ची पाच अक्षरं दाबणं आजही वेळखाऊ वाटतं. कंपनीशी कोणाला देणंघेणं नाही हो. सिंक्लेअरने तर १९८६ मध्येच कॉम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकून टाकला. लोक कंपनीला धरून नाहीत, मेहनतीने जे हातात बसलं त्याला धरून आहेत.

ताई, ‘गणपती ८८’ मध्ये काय आहे? बाबांना विचारा.

-----

मोड_सात (कोल्हापूर)

काकांच्या सर्किटच्या माहितीला नमस्कार. पण ‘भांडणार कोणाशी’ म्हणालात, तर मी आहे ना.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प काढला, त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले. आमच्या शाळेत आले तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीला पडदे लागले, एसी लागला आणि दारात चपलांचा ढीग लागला. मुख्याध्यापकसुद्धा मोज्यांवर आत यायचे. आठवड्याला एक तास, एका मशीनपुढे तिघं-चौघं. एक टाईप करणार, बाकीचे “अरे कॉमा, कॉमा!” करत ओरडणार.

काका, तुमचा स्पेक्ट्रम निदान कोणाच्या तरी घरी होता. आमचं मशीन सरकारचं, खोली शाळेची, किल्ली शिपायाची. तरी आम्ही बीबीसीचे कट्टर. कारण हातात मशीन नसल्याने प्रोग्राम वहीत लिहायचे, वहीतच चालवून बघायचे आणि तासाला जाऊन नुसते उतरवायचे. त्यासाठी भाषा नीटनेटकी हवी. बीबीसी बेसिकमध्ये प्रोसीजर होत्या, ‘रिपीट-अंटिल’ होतं, थेट असेंब्ली लिहायची सोय होती. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये साधा ‘एल्स’ नव्हता! ‘इफ’ आहे आणि ‘एल्स’ नाही. अशा भाषेत माणूस विचार तरी कसा करतो?

ते बेसिक सोफी विल्सनने लिहिलं. पुढे तिनेच स्टीव्ह फर्बरबरोबर एआरएम प्रोसेसर रचला, आजच्या फोनांत असतो त्याचा पूर्वज. त्याच्या आज्ञांची चाचणी आधी बीबीसी बेसिकमध्येच करून पाहिली होती, आणि एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप चालली ती बीबीसी मायक्रोला जोडूनच. अडीच_घर यांच्या फोनवर स्पेक्ट्रमचा एम्युलेटर चालतो ना? तो फोन आमच्या घराण्यातला आहे.

आपल्याकडे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवान्यावर याच मशीनची ‘युनिकॉर्न’ ही देशी आवृत्ती काढली होती. कोणाच्या शाळेच्या अडगळीत असेल तर कळवा, मी स्वखर्चाने येईन. आणि चालू मात्र करू नका. बीबीसीच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला कागदी कपॅसिटर असतात, पिवळसर पारदर्शक खोळीचे. वयाने त्यांना तडे जातात, दमट हवा आत शिरते आणि वीज दिली की थोड्या वेळाने घाण वासाचा दाट धूर येतो. मशीन वाचतं बहुधा, पण घरचे नंतर परवानगी देत नाहीत.

-----

कृष्णाकाठ (सांगली)

बापरे, इतकं सगळं! अ‍ॅडॅप्टरचं वाचून भावाला लगेच फोन केला, कारण तो “कुरिअरने एक पाठवतो” म्हणत होता.

बाबांना विचारलं. गल्लीतल्या मंडळाने १९८८ ला देखाव्यात टीव्ही ठेवला होता, त्यावर ‘गणपती बाप्पा मोरया’ मराठीत सरकत जायचं. हे बाबांनी केलेलं! मला टीव्ही आठवतो, पण ते आमच्या मशीनवर होतं हे डोक्यातच नव्हतं. आलेखाच्या वहीत ती अक्षरं आहेत, आठ बाय आठ चौकोनांत शाईने भरलेली. प्रत्येकाच्या शेजारी आठ आकडे. बाबा म्हणाले, “एकवीसच अक्षरं मिळायची, म्हणून मंडळाचं नाव बसलं नाही. अध्यक्ष रुसले होते.” मग अर्धा तास अध्यक्षांबद्दल बोलले.

एकवीसच का?

-----

सोल्डरगन (पुणे)

वा! तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. हे साधं काम नाही.

स्पेक्ट्रममध्ये स्वतःची अक्षरं बनवायला ‘ए’ ते ‘यू’ अशा एकवीस जागा राखलेल्या असतात. प्रत्येकीला आठ बाइट, मेमरीच्या अगदी शेवटी, ४८के मशीनवर ६५३६८ पासून. एकेक ओळ म्हणजे एक आकडा, तो ‘पोक’ने आत घालायचा. इंग्रजी अक्षर असं सहज बसतं. देवनागरीची गोची अशी की शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांनाही जागा लागते. आठ ओळींतल्या वरच्या दोन त्यांना दिल्या, तिसरीत शिरोरेघ, तर अक्षराच्या अंगाला उरतात पाच. पाच ओळींत ‘ण’ काढून बघा बरं. ‘बाप्पा’तला अर्धा ‘प’ वेगळा करावा लागतो, ‘मो’चा काना वर मात्रेसकट वेगळा. ही घोषणा बारा-तेरा चौकोनांत निघते. उरलेल्या आठांत मंडळाचं नाव? अध्यक्षांना म्हणावं, नाव बदला.

वहीचे फोटो काढून ठेवा. टेप वाचलीच नाही तरी त्या आकड्यांवरून सगळं पुन्हा उभं करता येईल.

-----

मोड_सात (कोल्हापूर)

एकवीस? आमच्याकडे ‘व्हीडीयू २३’ ही एक आज्ञा, पुढे अक्षराचा नंबर आणि आठ आकडे. ‘पोक’ नाही, पत्ता शोधणं नाही. २२४ ते २५५, सरळ बत्तीस अक्षरं. अध्यक्ष खूश झाले असते.

-----

सोल्डरगन (पुणे)

पण ज्या मोडचं नाव लावून फिरताय त्या मोड सातमध्ये (बीबीसीच्या पडद्याचा एक प्रकार) काय होतं, तेही सांगा की. त्यात टेलिटेक्स्टची (टीव्हीवर मजकूर दाखवण्याची) चिप ठरलेली अक्षरं काढते. एक टिंबसुद्धा बदलता येत नाही.

आणि एकवीस ही सोपी वाट झाली. २३६०६ आणि २३६०७ या दोन पत्त्यांत अक्षरसंच कुठे आहे ते लिहिलेलं असतं. तिथे आपला पत्ता घाला, ९६ अक्षरं तुमची. फक्त मग लिस्टिंग काढलं की तेही देवनागरीत दिसतं आणि स्वतःचाच प्रोग्राम स्वतःला वाचता येत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने असं करून ठेवलं होतं आणि मशीन बिघडलं म्हणून घेऊन आला होता.

-----

बार्देसकर (म्हापसा)

या लिपीच्या गोष्टीवरून आमचं आठवलं. माझा मामा कुवेतला होता. त्याने पाठवलेलं मशीन स्पेक्ट्रमही नाही आणि बीबीसीही नाही, ‘सख्र’. कुवेतच्या अल-अलामिया कंपनीचं, आतून एमएसएक्स या जपानी पद्धतीचं. बटणांवर इंग्रजीशेजारी अरबी अक्षरं. आज्ञा दिली की कर्सर उजवीकडून सुरू व्हायचा, अक्षर शेजारच्याला बघून आपला आकार बदलायचं आणि आपसूक जोडलं जायचं. तुम्ही इकडे पाच ओळींत ‘ण’ बसवत होतात तेव्हा अरबीत हे घरगुती मशीनमध्ये तयार येत होतं. आम्हांला अरबी येत नव्हतं, पण आम्ही ते टाईप करून बघत बसायचो. शेजारचे यायचे बघायला, विशेषतः पाऊस लागला की.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, मामा भारतीयांना परत आणणाऱ्या विमानांनी आला, एक बॅग घेऊन. मशीन दोन वर्षं आधी आलेलं म्हणून वाचलं. ते अजून आहे आणि चालतं. कार्ट्रिज घातलं की क्षणात सुरू, ना शिट्टी ना किरकिर. तुमची ती कॅसेटची भक्ती मला काही समजत नाही, पण असो, ज्याचा त्याचा देव.

-----

सोल्डरगन (पुणे)

अगदी बरोबर बोललात. आपल्या लिप्यांसाठी जिस्ट होतं, कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि १९८८ पासून आमच्या पुण्यात सीडॅकमध्ये वाढलेलं. पण ते पीसीत घालायचं कार्ड, कचेऱ्यांसाठी. घरच्या मशीनसाठी कोणी काही केलं नाही, म्हणून ताईंच्या बाबांसारख्यांनी आलेखाच्या वह्या भरल्या.

-----

पाऊस_इथेही (मिल्टन कीन्स)

इथे कामानिमित्त बारा-पंधरा वर्षं आहे. ब्लेचली पार्कचं कॉम्प्युटर संग्रहालय घराजवळ, तिथे बीबीसी मायक्रोंनी भरलेला आख्खा वर्ग आहे. मोड_सात, तुम्ही आलात तर चपला बाहेर काढायला लागणार नाहीत. बटणं बिनधास्त दाबू देतात. केंब्रिजच्या कॉम्प्युटर इतिहासाच्या केंद्रातही तसंच.

कृष्णाकाठताई, तुम्ही जी हमरीतुमरी वाचलीत ती प्रत्यक्षात फार प्रेमळ असते. पण स्पेक्ट्रमवाल्यांची आपापसांत जी असते ती नाही. अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतल्यावर निघालेला, टेप अंगातच बसवलेला प्लस टू हा ‘खरा’ स्पेक्ट्रम की नाही, यावर मी दोन आजोबांना चहा थंड होईपर्यंत वाद घालताना ऐकलंय. रबरी बटणांचा पहिला तोच खरा मानणारे एका बाजूला. त्यांच्या हिशोबाने तुमचा प्लससुद्धा सोवळ्यात बसत नाही, जरी आतला बोर्ड तोच.

दुसरीकडे रशियात आणि पूर्व युरोपात स्पेक्ट्रम कधी नीट विकलाच गेला नाही, तर लोकांनी स्वतःच नकला बनवल्या. पेंटॅगॉन, लेनिनग्राड, चेकोस्लोव्हाकियात डिडाक्टिक. ती माणसं तर आजही त्यासाठी नवीन प्रोग्राम लिहितात. मूळ खोक्याची रचना करणाऱ्या रिक डिकिन्सननेच ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’चं रूप आखलं, २०१७ मध्ये लोकांनी आगाऊ पैसे देऊन ते मशीन उभं केलं. तो २०१८ मध्ये गेला, क्लाइव्ह सिंक्लेअर २०२१ मध्ये.

भावाला सांगा, एम्युलेटर वापरायला संकोच नको. स्पेक्ट्रमच्या रॉमचे (मशीनमध्ये कायम भरलेल्या मूळ प्रोग्रामचे) हक्क अ‍ॅमस्ट्रॅडकडे होते आणि त्यांनी १९९९ मध्येच एम्युलेटरबरोबर ते वाटायला परवानगी दिली. फ्यूज नावाचा घ्या. त्याच्या जोडीच्या साधनांत ऑडिओ२टेप आहे, ते वेव्हची एम्युलेटरला वाचता येईल अशी टेप-फाईल करून देतं.

-----

कृष्णाकाठ (सांगली)

विकण्याचा विषय तूर्त बंद. आईने “कुठे ठेवणार ते सांगा” एवढीच अट घातली आहे.

टेपरेकॉर्डर मावशीकडे मिळाला, पट्टा मिरजेत बदलून घेतला. ‘लाइटबिल’ पहिल्या झटक्यात उतरलं. युनिट टाकले की १९८७ च्या दराने बिल येतं. आमचं या महिन्याचं बिल त्या दराने काढलं, आई म्हणाली हाच प्रोग्राम चालू ठेवा.

‘गणपती ८८’ला मात्र दर वेळी खाली ‘टेप लोडिंग एरर’. नाव दिसतं, पुढे अडतं. स्क्रू फिरवत बसलो, भाऊ व्हिडिओ कॉलवरून “अजून थोडा, अजून थोडा” करतोय. शेवटी लागलं! कडेला निळ्या-पिवळ्या रेघा धावल्या आणि अक्षरं सरकायला लागली. थोडी टोकदार आहेत, पण लांबून अगदी सुबक दिसतात.

बाबांना बोलावून दाखवलं. चष्मा लावून जवळून पाहिलं आणि म्हणाले, “ही जुनी. यातला ‘या’ तुटतो. सुधारलेली दुसऱ्या बाजूला भरली होती.”

दुसरी बाजू काही केल्या वाचली जात नाहीये, काका. हेडर येतं, मुख्य भाग शेवटी चेकसमला (तपासणीच्या आकड्याला) अडतो. काय करू?

-----

सोल्डरगन (पुणे)

एक तर ती बाजू दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली असेल, हेडचा कोन वेगळा असणार. पहिल्या बाजूसाठी लावलेला स्क्रू तिथे चालणार नाही, पुन्हा पहिल्यापासून लावा. दुसरं, टेप स्टिरिओ असेल तर डावा आणि उजवा चॅनेल वेगळे उतरवा. कडेची पट्टी खराब झाली तर एक चॅनेल जातो, दुसरा बरा असतो. तेवढ्यानेही नाही झालं तर वेव्ह मला पाठवा. एखाद-दुसरा बिट बसला असेल तर लाटा बघून हाताने नीट करता येतो, चेकसम एका बाइटचा तर असतो.

वेव्हच पाठवा. एमपी३ आली तर उघडणार नाही.

-----

कृष्णाकाठ (सांगली)

पाठवली. पाच मिनिटांची आहे, शेवटी बाबांनी कॅसेट संपेपर्यंत रेकॉर्डिंग चालूच ठेवलेलं दिसतंय, मंडळाची आरती ऐकू येते. ते कापू नका.